सुईने आलेली झोप आणि बंद केलेली गोळी

"डॉक्टर, सुया टोचून घेतल्या तर ह्यांना झोप लागेल का?" शिवणकाम करणाऱ्या एका गृहस्थांच्या पत्नीने मला हा प्रश्न विचारला, तेव्हा मी घाईत होतो. बाहेर तापाचे रुग्ण ताटकळले होते. "लावून बघा, सुईने काय बिघडणार आहे!" असे म्हणून मी पुढच्या रुग्णाला आत बोलावले. माझ्या त्या वाक्यात एक चूक होती, तिच्याबद्दल हा लेख. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

ह्या गृहस्थांना उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येण्याचा, म्हणजे बायपोलर आजार आहे. मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने लिथियमच्या गोळ्या सुरू होत्या आणि चार वर्षे प्रकृती ठीक होती. तक्रार होती ती झोपेची. रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही आणि सकाळी गोळ्यांची गुंगी उतरायची नाही. यंत्रावर बसले की सुईत दोरा ओवता यायचा नाही, असे वहिनी सांगत होत्या.

वाचकहो, मानसिक आजारात झोप आधी बिघडते आणि पुष्कळदा शेवटी सुधारते. नैराश्यात माणूस पहाटे तीन-चारलाच जागा होतो आणि छताकडे पाहत पडून राहतो. चिंतेच्या विकारात मुळात झोपच लागत नाही. स्किझोफ्रेनियात कित्येकांचा दिवस आणि रात्र यांची अदलाबदल होते. झोपेच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर त्यांची सवय लागते, हे आता घरोघर ठाऊक आहे. तेव्हा नातेवाईक दुसरी वाट शोधतात, यात त्यांचा काय दोष?

अॅक्युपंक्चर ही चीनची जुनी उपचारपद्धती. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, त्यामुळे ही विद्या त्यांनीच इकडे पाठवली असे कोणाला वाटेल. पण कोटणीस शल्यविशारद होते. भारतात अॅक्युपंक्चर रुजवले ते त्याच पथकातले त्यांचे सहकारी, कलकत्त्याचे डॉ. बसू यांनी, आणि तेही १९५० च्या दशकाच्या अखेरीस.

सुई केसासारखी बारीक असते, इंजेक्शनच्या सुईशी तिची तुलना नको. झोपेसाठी बहुधा मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूला एक, घोट्याच्या आतल्या बाजूला चार बोटे वर एक, शिवाय कानावर आणि डोक्यावर काही अशा सुया लावतात. त्या वीस-तीस मिनिटे ठेवतात. गर्भवती स्त्रीने मात्र आपली अवस्था आधीच सांगावी, कारण घोट्याजवळचा तो बिंदू तेव्हा टाळतात.

उपयोग होतो का? २००४ साली कॅनडात टोरांटोला एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. चिंता आणि अनिद्रा असलेल्या १८ जणांना पाच आठवडे सुया लावल्या. झोप सुधारली, आणि झोपेशी संबंधित मेलॅटोनिन हे संप्रेरक रात्री जास्त स्रवू लागले. ऐकायला छान वाटते, पण तुलनेसाठी सुया न लावलेला गट त्यात नव्हता. पुढे २०१२ मध्ये कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात अनिद्रेवरचे ३३ प्रयोग, एकूण २,२९३ रुग्ण तपासले गेले. काहींना गुण आल्याचे दिसले, परंतु प्रयोगांचा दर्जाच इतका कच्चा की ठाम निष्कर्ष काढता येईना.

ह्या प्रयोगांतली मोठी अडचण गमतीची आहे. खोटी गोळी देणे सोपे, खोटी सुई कशी टोचणार? जर्मनीत १९९८ च्या सुमारास नाटकातल्या खंजिरासारखी सुई तयार केली गेली. टोक बोथट, दाबली की मुठीत शिरते, आणि रुग्णाला वाटते टोचली. अशा खोट्या सुईनेही पुष्कळांना बरे वाटते! मला त्याचे नवल वाटत नाही. अर्धा तास शांत पडून राहायचे, कोणीतरी "काल झोप कशी लागली?" असे आस्थेने विचारायचे, हे आमच्या गर्दीच्या दवाखान्यात मिळत नाही.

आता शिवणकामवाल्या गृहस्थांकडे वळू. दोन आठवड्यांत त्यांना चांगली झोप लागू लागली. घरच्यांना आनंद झाला आणि त्यांनी आपल्याच मनाने गोळ्या बंद केल्या. नुसती झोपेची नव्हे, लिथियमसुद्धा. सुया लावणाऱ्यांना आजाराचे नाव सांगितलेच नव्हते, त्यांनी विचारलेही नव्हते. पुढच्या महिन्यात झोप पुन्हा तीन तासांवर आली, पण ह्या खेपेला थकवा नव्हता. रात्रभर यंत्र चालू, लग्नसराईचे ब्लाउज भराभर तयार. सासूबाई म्हणाल्या, "पोरगा कामाला लागला." शेवटी त्यांनी दुकानातले सगळे कापड उधारीवर वाटून टाकले, तेव्हा मला बोलावणे आले. सतरा दिवस रुग्णालयात काढावे लागले.

झोप न लागून माणूस दमला, तर ती अनिद्रा. झोप कमी होऊनही तो ताजातवाना, बोलका आणि उधळा झाला, तर तो उन्मादाचा आरंभ असू शकतो. तेव्हा कोणत्याही सुईची वाट न पाहता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना गाठावे. लिथियम एकाएकी थांबवले तर उन्माद उसळण्याचा धोका वाढतो. "सुईने काय बिघडणार आहे" म्हणताना हे मी सांगायला हवे होते. सुईने काही बिघडले नव्हते, बिघडले ते गोळी बंद केल्याने.

सुया लावायच्याच असतील तर आपल्या मनोविकारतज्ज्ञांच्या कानावर घालाव्यात, आणि सुया लावणाऱ्याला सगळ्या गोळ्या दाखवाव्यात. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर ते विशेषकरून. सुई निर्जंतुक, एकदाच वापरायची आणि आपल्यासमोर पाकीट फोडलेली हवी. हृदयात पेसमेकर असेल तर विजेच्या यंत्राला सुया जोडू देऊ नयेत. "पंधरा दिवसांत सगळ्या गोळ्या सोडवतो" असे कोणी म्हणाले तर चपला घालाव्यात आणि घरी यावे. अनिद्रेवर आज सर्वांत भक्कम पुरावा आहे तो उठण्या-झोपण्याच्या सवयी बदलणाऱ्या वर्तनोपचाराचा, मात्र बायपोलर आजारात झोपेचे तास कमी करण्याचा त्यातला भाग तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय करू नये. तज्ज्ञ जवळ नसतील तर टेलि-मानस ह्या सरकारी सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येते.

ते गृहस्थ आता पुन्हा दुकानात बसतात. तज्ज्ञांनी लिथियम पुन्हा सुरू केले, रात्रीची गोळी बदलून दिली आणि सुयांना हरकत घेतली नाही. वहिनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज झोपेचे तास लिहितात. पाच तासांच्या खाली आकडा गेला की लाल पेन्सिल, आणि सलग दोन लाल आकडे आले की मला फोन. दर गुरुवारी ते सुया लावून येतात. परवा मी विचारले, "खरेच गुण येतो का?" ते म्हणाले, "येतो की नाही देव जाणे, डॉक्टर. पण तिथे अर्धा तास कोणी ब्लाउज मागायला येत नाही."