कासवाच्या पाठीवरील नोंदवही

विदर्भातील वाचकाला रेडिओ कॉलर हा शब्द नवा नाही. टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ मध्ये निघालेला एक तरुण वाघ बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पोहोचला आणि या भ्रमंतीत त्याने सुमारे ३,००० किलोमीटर वाटचाल केली, हे त्याच्या गळ्यातील पट्ट्यामुळेच समजले. राज्याच्या वन विभागाचे मुख्यालय नागपुरात असल्याने या वाघाचे आणि कोकणच्या समुद्री कासवाचे दफ्तर एकाच ठिकाणी आहे, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसते. वाघाचा माग पावलांच्या ठशांवरूनही काढता येतो. समुद्रात ठसा उरत नाही. म्हणूनच तेथे प्राण्याच्या अंगावरच नोंदवही बांधून द्यावी लागते.

या विद्येचा आरंभ गमतीचा आहे. १९६४ च्या सुमारास जेराल्ड कूयमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने अंटार्क्टिकातील सीलच्या पाठीवर स्वयंपाकघरात वापरतात तसले तासाभराचे घड्याळ बसविले. घड्याळाबरोबर काजळी धरलेली काचेची चकती फिरे आणि पाण्याचा दाब वाढेल तसतशी सुई तीवर रेघ ओढी. सील किती खोल गेला व किती वेळ बुडून राहिला, हे त्या रेघेवरून वाचता येई. अर्थात सील पुन्हा हाती लागला तरच!

हाती न लागणाऱ्या प्राण्यासाठी उपग्रहाची मदत घ्यावी लागते. फ्रान्स व अमेरिका यांच्या सहकार्याने १९७८ मध्ये सुरू झालेली आर्गोस यंत्रणा हे काम करते. स्थानकात न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येताना चढी आणि दूर जाताना उतरती ऐकू येते. त्याच न्यायाने, डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाला यंत्राच्या संदेशाची कंप्रता बदलत गेलेली आढळते आणि त्या बदलावरून प्राण्याचे स्थान काढता येते. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यातून फारशा जात नाहीत. म्हणून कासव पाण्याखाली असेतो यंत्र मुके राहते आणि ते श्वासासाठी वर आले की बोलू लागते.

आपल्या राज्यात हा प्रयोग २०२२ च्या आरंभी झाला. डेहराडून येथील भारतीय वन्यजीव संस्थेचे डॉ. आर. सुरेशकुमार व त्यांचे सहकारी, वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास, आंजर्ले व गुहागर येथे पाच ऑलिव्ह रिडले माद्यांच्या पाठीवर यंत्रे बसविली. वेळासच्या पहिल्या मादीचे नाव ‘प्रथमा’ ठेवण्यात आले. मादी अंडी घालण्यासाठी वाळूवर येते, तेव्हाच ती सापडते. नर सहसा किनाऱ्यावर येत नाही, त्यामुळे अशा नोंदींत त्याचा वृत्तान्त जवळजवळ नसतोच.

२०२३ मध्ये गुहागर येथून आणखी दोन माद्या सोडल्या. त्यांपैकी ‘गुहा’ लक्षद्वीपकडे गेली, तर ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात शिरली. पश्चिम किनाऱ्याची कासवे पश्चिमेलाच राहतात, असे गृहीत धरण्यास त्यानंतर फारशी जागा उरली नाही.

यंत्र मुके झाले म्हणजे काय समजावे, हा प्रश्न कठीण आहे. विद्युतघट संपला असेल, यंत्र निसटले असेल, किंवा कासव जाळ्यात सापडून गुदमरले असेल. यांतील नेमके काय घडले, हे यंत्र सांगत नाही. मासेमारीच्या जाळ्यात अडकणे हा समुद्री कासवांपुढील मोठा धोका आहे. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या साहाय्याने घरटी राखली. पण घरट्यातून निघालेले पिल्लू पुढे अनेक राज्यांच्या व देशांच्या जाळ्यांमधून जाते. संरक्षित प्राण्याला सोडविण्यासाठी मच्छीमाराने जाळे कापल्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०१८ मध्ये घेतला, तो याच कारणाने महत्त्वाचा आहे.

साध्या साधनालाही कमी लेखू नये. १८ मार्च २०२१ रोजी ओडिशातील गहिरमाथा येथे एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला ०३२३३ क्रमांकाचा धातूचा बिल्ला लावला होता. तीच मादी २७ जानेवारी २०२५ रोजी गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. मधल्या काळातील तिचा मार्ग बिल्ल्याने सांगितला नाही. पण दोन्ही किनाऱ्यांवर तीच मादी आली होती, हे त्याने निःसंशय सिद्ध केले. तेव्हा किनाऱ्यावरील गावांत असे बिल्ला लावलेले कासव दिसल्यास बिल्ला काढू नये. त्यावरील क्रमांक, दिनांक व जागा टिपून घेऊन ती माहिती जवळच्या वन कार्यालयास कळवावी.