विकेटकीपरची क्रमवारी नावावर लागत नाही

आयपीएल जवळ आली की आलापल्लीच्या चौकात काय किंवा पुण्यातल्या वसतिगृहात काय, फॅन्टसी टीम लावणारे बहुतेक जण एकाच समजुतीने सुरुवात करतात: लिलावात ज्याच्यावर जास्त पैसे लागले, तो कीपर यादीत वर. नोव्हेंबर 2024 मध्ये जेद्दाच्या लिलावात लखनौने ऋषभ पंतला 27 कोटींना घेतले. 2025 च्या हंगामात त्याने 14 सामन्यांत 269 धावा केल्या, आणि त्यातल्या नाबाद 118 एकट्या शेवटच्या साखळी सामन्यातल्या. उरलेल्या 13 सामन्यांत मिळून 151. पंजाबने 4 कोटींत राखलेल्या प्रभसिमरन सिंगच्या धावा मात्र 549. आलापल्लीच्या लाकूड डेपोत सागाचा व्यापारी लाकडाचा घेर आणि लांबी बघून बोली लावतो. फ्रँचायझी मात्र कर्णधारपदाचे आणि नावाचेही पैसे मोजते. फॅन्टसीत त्या दोन्हींना एकही पॉइंट नाही.

मग एकूण धावांवरून क्रम लावावा, असे कोणी म्हणेल. तेही फसवे आहे. 2025 मध्ये कीपरच्या रकान्यात बसणाऱ्यांपैकी प्रभसिमरनच्या 549, के. एल. राहुलच्या 539, जॉस बटलरच्या 538 आणि निकोलस पूरनच्या 524. पहिल्या आणि चौथ्यात फरक 25 धावांचा, म्हणजे हंगामभराच्या हिशेबात जवळपास शून्य. पण प्रभसिमरनला 17 सामने मिळाले, कारण पंजाब अंतिम फेरीपर्यंत गेला. राहुल 13 सामने खेळला. सामन्यामागे पाहिले तर राहुल 41 च्या पुढे, बटलर 38, पूरन 37 आणि प्रभसिमरन 32. जखमी संजू सॅमसनला 9 च सामने मिळाले, त्याच्या धावा 285. सामन्यामागे तोही 32 च्या आसपासच. एकूण बेरजेत तो कुठल्या कुठे मागे पडतो. कोण प्लेऑफला जाईल हे मार्चमध्ये कोणालाच ठाऊक नसते, म्हणून यादी सामन्यामागच्या आकड्यावर उभी करावी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: झेल आणि यष्टिचीतचे काय? ड्रीम11 च्या टी-20 नियमांत धावेला 1, झेलाला 8, यष्टिचीतला 12 पॉइंट. हंगामात दर सामन्याला सरासरी एक झेल धरला तर ते आठ पॉइंट बटलरला राहुलच्या पुढे नेतात, कारण गुजरातकडून बटलर ग्लोव्ह्ज घालत होता, तर दिल्लीत ते काम राहुलसोबत अभिषेक पोरेलही करत होता. पूरनही मैदानात क्षेत्ररक्षकच, लखनौचा कीपर पंत. म्हणजे आक्षेप खरा आहे, पण त्याची ताकद बरोबरीच्या दोघांत निवड करण्यापुरती. स्टंपमागे चपळ पण सातव्या क्रमांकावर फलंदाजीला येणारा कीपर एवढ्याने वर चढत नाही, कारण 120 चेंडूंतले त्याच्या वाट्याला थोडेच येतात.

विदर्भातल्या वाचकाला इथे अमरावतीचा जितेश शर्मा आठवेल, आणि आठवावाच. 27 मे 2025 रोजी लखनौत त्याने 33 चेंडूंत नाबाद 85 करून बंगळुरूला 228 चे लक्ष्य गाठून दिले. पंतचे ते शतकही याच सामन्यातले! पण जितेशच्या हंगामातल्या 261 पैकी 85 त्या एका रात्रीच्या. विजेत्या संघाला असा फिनिशर सोन्याचा. फॅन्टसीच्या हंगामी यादीत मात्र तो खालीच राहतो, आणि त्यात त्याचा कमीपणा काहीच नाही.

उरतो तो प्रश्न, कीपरसाठी किती खर्च करायचा? हा विचार बेसबॉलवाल्यांनी आधी केला. डॅनियल ओक्रेंट आणि मित्रांनी 1980 मध्ये न्यूयॉर्कला रोटिसरी लीग ही फॅन्टसी बेसबॉलची लीग सुरू केली. बेसबॉलमधला कीपर म्हणजे कॅचर; तो उकिडवा बसून थकतो, त्याला विश्रांती द्यावी लागते, फलंदाजीच्या संधी घटतात, त्यामुळे चांगली फलंदाजी करणारे कॅचर थोडे. तिथे एखादा चांगला कॅचर महाग घेणे परवडते, कारण त्याच्यानंतरचा फार खाली असतो. आपल्याकडे 2025 चे चित्र उलटे होते: वरच्या चौघांत तशी मोठी दरी नव्हती. मित्रांच्या लिलावात, जिथे एक खेळाडू एकाच संघाला मिळतो, पहिल्या कीपरसाठी तिजोरी रिकामी करण्यापेक्षा चौथा स्वस्तात घ्यावा आणि वाचलेले पैसे गोलंदाजांवर लावावेत. ऑगस्ट 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर पैसे लावून ऑनलाइन खेळणे बंदच आहे, त्यामुळे हे पैसेही कागदावरचेच.