असे का घडले?

साहसाच्या सत्यकथा वाचताना आपले मन सारखे पुढे धावते. ‘मग काय झाले?’ एवढेच त्याला हवे असते. परंतु विद्यार्थ्यांनो, अशी कथा वाचून संपली की तुम्ही क्षणभर थांबा आणि ‘असे का घडले?’ हा प्रश्न विचारून उलट वाटेने मागे चला.

इंग्लंडचा कॅप्टन स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजी चार सोबत्यांसह दक्षिण ध्रुवावर पोहोचला. नॉर्वेचा आमुनसेन सुमारे पाच आठवडे आधीच तेथे येऊन गेला होता. परतीच्या वाटेवर ते पाचही वीर मरण पावले. शेवटच्या तिघांचा तंबू अन्नाच्या मोठ्या साठ्यापासून अवघ्या वीस किलोमीटरांवर होता!

इतक्या जवळ येऊन ते का अडकले? ‘हिमवादळामुळे’ हे उत्तर खरे आहे, पण पुरेसे नाही. आणखी एक वर्ष मागे जा. फेब्रुवारी १९११ मध्ये हा साठा ८० अंश दक्षिण अक्षांशावर ठेवावयाचा होता. पण थंडीने तट्टे खंगली. त्यांचे हाल स्कॉटला पाहवेनात. तट्टांचा बळी गेला तरी पुढे जावे, असे ओट्स म्हणाला. स्कॉटने ते मानले नाही. साठा पन्नासहून अधिक किलोमीटर अलीकडेच ठेवला गेला. तो ठरल्या जागी असता, तर त्या तिघांना वाटेतच लाभला असता. पुढे पाय हिमदंशाने निकामी झाल्यावर, सोबत्यांवर भार नको म्हणून वादळात निघून गेला, तो हाच ओट्स.

मग स्कॉटची दयाच या नाशाला कारण झाली काय? असा निवाडा घाईचा होईल. त्या मार्चमध्ये थंडी विलक्षण कडक होती. साठ्यांतील डब्यांत रॉकेल अपेक्षेपेक्षा कमी निघाले. जड घसरगाड्या माणसांनाच ओढाव्या लागत होत्या. एका परिणामामागे अशी अनेक कारणे असतात. उलट, आधी घडलेली प्रत्येक गोष्ट कारण असतेच असे नाही. स्कॉट शर्यत हरला आणि नंतर मरण पावला. एवढ्यावरून तो हरल्यामुळे मेला, असे म्हणता येत नाही.

म्हणून प्रत्येक कारण पारखून घ्या. ‘हे घडले नसते, तर शेवट बदलला असता काय?’ असे स्वतःला विचारा. जो असे वाचतो, तो दुसऱ्याला दोष देण्यापूर्वी विचार करतो आणि स्वतः पाऊल टाकण्यापूर्वीही.