काट्यावरची चरबी खरी किती?

जिम लावली की पहिल्याच दिवशी अनवाणी एका काट्यावर उभं करतात. काही सेकंदांत आकडा येतो : बॉडी फॅट २४ टक्के. झालं, तोंड उतरलंच! पण थांबा. त्या काट्याने तुमची चरबी मोजलेलीच नसते.

तो मोजतो विजेला होणारा अडथळा. एका तळपायातून एक मिलिअँपिअरहूनही कमी करंट आत जातो, दुसऱ्यातून बाहेर येतो. हा करंट एसी असतो, बहुतेकदा ५० किलोहर्ट्झचा. म्हणजे घरातल्या ५० हर्ट्झच्या हजारपट. एवढा कशाला? पेशीचं पातळ आवरण कपॅसिटरसारखं वागतं. फ्रिक्वेन्सी कमी असेल तर करंट पेशींना वळसा घालून बाहेरच्या पाण्यातूनच जातो. ती वाढली की काही करंट पेशींच्या आतूनही जातो. शरीर तेच, पण त्याची वाहकता वाढलेली दिसते!

स्नायूंत पाणी भरपूर, चरबीत कमी. म्हणून अडथळ्यावरून पाण्याचा अंदाज काढायचा आणि त्यात उंची, वजन, वय, लिंग घालून चरबीचं गणित मांडायचं. अंगात पाणी कमी असेल, तर अडथळा वाढतो आणि कागदावर चरबीही. शिवाय करंट पायातून पायात. पोटाच्या घेराशी त्याची फारशी गाठच पडत नाही.

तेव्हा एका आकड्यावरून जेवण सोडू नका. त्याच काट्यावर, ठरलेल्या वेळी, सकाळी उपाशीपोटी मोजा आणि महिन्याभरातला फरक बघा. पेसमेकर असणाऱ्यांनी मात्र या काट्यापासून लांबच राहावं.