फाल्गुनातील ओरछ्याची वाट
नवा गहू बाजारात उतरू लागला की व्यापाऱ्यास पेढी सोडता येत नाही. म्हणून फाल्गुनातच आम्ही चौघे स्नेही पहाटे नया बाजारातून मोटारीने ओरछ्यास निघालो. डबरा मागे पडले, सिंध नदी ओलांडली. सोनागिरीच्या टेकडीवरील ७७ शुभ्र मंदिरांचे दर्शन घेतले आणि दतियाचा सातमजली महाल दुरूनच पाहिला.

झाशीजवळ एका शेतात कठिया गहू उभा दिसला, तेव्हा मात्र मोटार थांबवली. टणक, तांबूस दाणा. एकदोन पाण्यांवरही पदरात पडणारा. दक्षिणेकडील बन्शीचा हा भाऊबंद. इटलीतील मॅकरोनीही याच जातीच्या गव्हाच्या रव्याची. बुंदेलखंडाच्या कठियास २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले. परंतु त्या वृद्ध शेतकऱ्याने रोखठोक विचारले, "शेठजी, बाजारात यास इतर गव्हाचाच भाव मिळतो, मग कमी उतारा देणारे बी मी का पेरावे?" आमचे दालमिलवाले मित्र एरवी फार बोलके, तेही गप्प राहिले. वेगळी थप्पी, वेगळा भाव हे काम व्यापाऱ्याचेच, असे माझे मत आहे.

ओरछ्यास बेतवेच्या काठी सूर्यास्तापूर्वी शिदोरी सोडली, तरी चर्चा भावाचीच. परतताना त्याच शेतकऱ्याकडून कठियाची दोन पोती घेतली. भाव त्याने सांगितला तोच दिला.