आकड्यामागचे मिलिव्होल्ट

१९३४ साली कॅलिफोर्नियातल्या लिंबांनी ग्लेन जोसेफ या रसायनशास्त्रज्ञाला मेटाकुटीला आणले होते. फळबागायतदारांच्या सहकारी संघात ते काम करत. बाजारात न खपलेल्या लिंबांपासून तिथे पेक्टिन आणि सायट्रिक आम्ल काढले जाई. माल टिकावा म्हणून त्यात सल्फर डायऑक्साइड मिसळत आणि नेमका हाच वायू लिटमसचा रंग उडवून टाकी. रस किती आंबट आहे हे सांगणारा साक्षीदारच असा मुका होऊन बसे. काचेचे इलेक्ट्रोड तेव्हा होते, पण त्यांतून मिळणारा प्रवाह इतका क्षीण की तो गॅल्व्हॅनोमीटरला कळावा म्हणून काच फार पातळ ठेवावी लागे. पातळ काच सारखी फुटे. जोसेफ यांनी आपल्या कॉलेजच्या दिवसांतल्या मित्राकडे, कॅल्टेकमध्ये शिकवणाऱ्या अर्नोल्ड बेकमन यांच्याकडे धाव घेतली.

बेकमन यांनी काच बदलण्याआधी मोजण्याची पद्धत बदलली. दोन निर्वात नळ्या वापरून त्यांनी इलेक्ट्रोडचा संकेत वाढवला, त्यामुळे जाड, दणकट काचही चालू लागली. हे उपकरण जोसेफ यांच्या सहकाऱ्यांना इतके आवडले की ते त्यांच्या टेबलावर राहीनाच, आणि काही महिन्यांत ते दुसरे मागायला आले. पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, बेकमन यांचा पीएच मीटर १९५ डॉलरला बाजारात आला.

आज कॉलेजच्या प्रयोगशाळेत लॅपटॉपला जोडलेल्या एका छोट्या पेटीतून तीन-चार वायरी निघतात. एक पीएच मोजते, दुसरी विद्युत वाहकता, तिसरी तापमान, चौथी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. काही उपकरणांत तर हे सारे सेन्सर एकाच दांडीत बसवलेले असतात. पडद्यावर आकडे झरझर उमटतात आणि पाहणाऱ्याला वाटते, सेन्सरला रसायनशास्त्र कळते. प्रत्यक्षात त्याला कळतात ते फक्त मिलिव्होल्ट आणि ओहम. त्यांचे आम्लता, क्षारता, तापमान असे भाषांतर करणे आणि ते विश्वासार्ह ठेवणे हे प्रयोगशाळेतल्या माणसाचे काम असते.

पीएच हा शब्द १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेन्सन यांनी रूढ केला. मराठी शेतकरी त्याला सामू म्हणतो. मृदा आरोग्य पत्रिकेवर जे बारा घटक छापलेले असतात, त्यांत सामू आणि विद्युत वाहकता हे दोन असतातच. एक भाग माती आणि अडीच भाग पाणी ढवळून त्यात इलेक्ट्रोड बुडवले की हे दोन्ही आकडे मिळतात. चुनखडीच्या जमिनीत पिकाची कोवळी पाने पिवळी का पडतात, याचा पहिला धागा अनेकदा सामूच्या आकड्यातच सापडतो. सामू चढला की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही.

या इलेक्ट्रोडच्या टोकाला काचेचा छोटा, पातळ फुगा असतो. फुग्याच्या आत ठरावीक सामूचे द्रावण असते आणि बाहेर आपल्याला मोजायचे द्रावण. दोन्ही बाजूंच्या हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात फरक असला की काचेच्या दोन पृष्ठभागांमध्ये विद्युतदाबाचा फरक निर्माण होतो. २५ अंश सेल्सिअसला सामू एका एककाने बदलला तर हा दाब ५९.१६ मिलिव्होल्टने बदलायला हवा. ७ सामूला तो शून्याच्या आसपास असतो, ४ सामूला सुमारे १७७.

इथे एक अडचण येते. काच विजेची वाहक नव्हे. त्या फुग्याचा रोध दहा कोटी ओहम किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. साध्या मल्टिमीटरचा अंतर्गत रोध साधारण एक कोटी ओहम असतो. तो अशा इलेक्ट्रोडला थेट जोडला, तर खऱ्या विद्युतदाबाचा दहावा हिस्साही धड दिसत नाही, कारण मोजणाराच मोजायची वस्तू ओरबाडून घेतो. बेकमन यांच्या निर्वात नळ्यांनी सोडवला तो हाच पेच. आता ते काम बोटाच्या पेराएवढी प्रवर्धक चिप करते. या चिपपर्यंतच्या वाटेवरही बेकमन भेटतात. ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक असलेल्या विल्यम शॉकली यांची कॅलिफोर्नियातली सेमीकंडक्टर प्रयोगशाळा १९५६ मध्ये उभी राहिली, ती बेकमन यांच्याच कंपनीच्या पैशावर. ती सोडून बाहेर पडलेल्या आठ जणांनी पुढच्या वर्षी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर काढली, आणि सिलिकॉन व्हॅलीची मुळे तिथे रुजली.

आर्डुइनोसारख्या स्वस्त बोर्डावर स्वतःचा संच बांधणाऱ्या विद्यार्थ्यांना हे गणित लवकर भेटते. आर्डुइनो ऊनो पाच व्होल्टची पट्टी १०२४ पायऱ्यांत मोजतो, म्हणजे एक पायरी जवळपास पाच मिलिव्होल्टची. सामूचे एक एकक त्याच्या लेखी जेमतेम बारा पायऱ्यांचे. शिवाय द्रावण अल्कधर्मी झाले की इलेक्ट्रोडचा दाब उणे होतो, आणि उणे आकडा या बोर्डाला वाचताच येत नाही. म्हणून मधल्या सर्किटला तीन कामे करावी लागतात: फुग्यावर भार न टाकता संकेत घेणे, तो वाढवणे आणि सगळी पट्टी शून्याच्या वर उचलून धरणे.

मग येते कॅलिब्रेशन. घाई झाली की सर्वांत आधी गाळली जाणारी आणि सर्वांत महाग पडणारी पायरी हीच.

सामू पक्का ठाऊक असलेली बफर द्रावणे छोट्या बीकरमध्ये काढून घेतली जातात, साधारणपणे ७, ४ आणि १० सामूची. इलेक्ट्रोड ऊर्ध्वपातित पाण्याने धुतला जातो आणि मऊ टिश्यूने नुसता टिपला जातो. तो घासायचा नसतो, कारण घासल्याने काचेवर स्थिर विद्युतभार साठतो आणि आकडा बराच वेळ भरकटत राहतो. आधी ७ च्या बफरमध्ये इलेक्ट्रोड बुडवून आकडा स्थिरावू द्यायचा. समजा तिथे २ मिलिव्होल्ट आले आणि पुढे ४ च्या बफरमध्ये १७२. फरक १७० चा, म्हणजे दर एककाला ५६.७ मिलिव्होल्ट. सिद्धान्ताने दिलेल्या उताराच्या हा सुमारे ९६ टक्के झाला. इलेक्ट्रोड काम देतो आहे, पण त्याचे वय दिसू लागले आहे. उतार ९५ टक्क्यांच्या खाली गेला की तो साफ करायचा किंवा बदलायचा. वापरून झालेले बफर पुन्हा बाटलीत ओतायचे नसते, आणि १० च्या बफरची बाटली उघडी ठेवायची नसते. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा सामू हळूहळू उतरतो आणि मग मापदंडच खोटा ठरतो.

वाहकतेच्या सेन्सरचे तंत्र निराळे. दोन इलेक्ट्रोडांमधून वीज किती सहज वाहते ते तो पाहतो. त्यासाठी प्रत्यावर्ती प्रवाह वापरतात, कारण एकाच दिशेने प्रवाह दिला तर इलेक्ट्रोडांवर आयन गोळा होतात, विद्युत अपघटन सुरू होते आणि मोजता मोजता द्रावणच बदलू लागते. याचे प्रमाण द्रावण म्हणजे ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइड. २५ अंशांना त्याची वाहकता १४१३ मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर असते. तेच द्रावण ३० अंशांना सुमारे १५५० दाखवते. मार्चमधल्या सकाळी दहाला आणि दुपारी दोनला घेतलेल्या वाचनांत इतका फरक सहज पडतो, आणि त्याचे खापर नमुन्यावर फुटते. म्हणूनच तापमानाचा सेन्सर शेजारी हवा. तो सामूचा उतारही दुरुस्त करतो, कारण ५९.१६ हा आकडा २५ अंशांपुरताच खरा आहे. ३७ अंशांना तो ६१.५ होतो.

अनेक सेन्सर एकत्र लावण्याचे खरे मोल इथे कळते. एकाच संचात चार कामे झाल्याने पैसे आणि जागा वाचते हे खरेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते एकमेकांची चूक पकडतात. एका साक्षीदाराचा जबाब दुसऱ्याशी ताडून पाहता येतो.

याचा सर्वांत देखणा पुरावा टायट्रेशनमध्ये मिळतो. शाळा-कॉलेजात प्रत्येकाने ब्युरेटची तोटी जपून फिरवत फिनॉल्फ्थॅलीनचा पहिला फिका गुलाबी रंग टिकण्याची वाट पाहिलेली असते. आता त्याच शंकूपात्राच्या जागी बीकर ठेवून, त्यात सामू, वाहकता आणि तापमान यांचे तीन सेन्सर स्टँडला अडकवून सोडले, चुंबकीय ढवळणी सुरू केली आणि ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाच्या २५ मिलिलिटरमध्ये तितकेच तीव्र सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडले, तर एकाच प्रयोगाच्या तीन कहाण्या पडद्यावर उलगडतात.

सामूचा आलेख बराच वेळ आळसावल्यासारखा सरकतो. २४.९ मिलिलिटरला तो ३.७ च्या आसपास असतो आणि २५.१ ला १०.३ वर पोहोचलेला असतो. अवघ्या चार थेंबांत साडेसहा एककांची उडी! वाहकतेचा आलेख आधी उतरत जातो, कारण हायड्रोजन आयनांची जागा सोडियमचे आयन घेत असतात. पाण्यात हायड्रोजन आयनाइतके चपळ कोणी नाही. बांधकामावर विटा हातोहात वर पोहोचतात तसा त्याचा भार एका रेणूकडून दुसऱ्याकडे सरकतो. त्यामुळे वीज वाहण्यात तो सोडियमच्या सातपट पुढे असतो. आम्ल संपले की जादा हायड्रॉक्साइड साठू लागते आणि तोच आलेख वर वळतो. खाली टोक असलेला व्ही आकार तयार होतो. तापमानाचा आलेख उदासिनीकरणाच्या उष्णतेने चढत जातो आणि आम्ल संपताच त्याची चढण थांबते. उडी, टोक आणि थांबा, तिन्ही २५ मिलिलिटरवर येतात. एखादा चुकीच्या जागी आला तर सेन्सर, ब्युरेट किंवा द्रावण यांपैकी काहीतरी बिनसलेले आहे हे लगेच कळते.

तापमानाची कहाणी आणखी एक धडा देते. इथे एकूण वाढ होते ती ०.७ अंशाची. लोकप्रिय असलेल्या डीएस१८बी२० या सेन्सरची हमी मात्र अधिक-उणे अर्ध्या अंशाची असते. मग तो निरुपयोगी का? नाही. तो ०.०६ अंशाइतका बारीक बदल टिपू शकतो. खरे तापमान अर्ध्या अंशाने चुकत असेल, पण चूक सबंध वेळ तेवढीच राहत असल्याने चढण बरोबर दिसते. अचूकता वेगळी आणि बारकावा वेगळा, हे व्याख्येपेक्षा या प्रयोगातून पटकन पटते.

हा संच पहिल्यांदा जोडणाऱ्यांना एक भूत हमखास गाठते. सामूचा सेन्सर एकटा असताना शहाण्यासारखा वागतो आणि वाहकतेचा सेन्सर त्याच बीकरमध्ये बुडवताच आकडा नाचू लागतो. नमुना बिघडलेला नसतो, इलेक्ट्रोडही फुटलेला नसतो. वाहकतेच्या सेन्सरने सोडलेला प्रवाह द्रावणातून वाट काढत सामूच्या नाजूक सर्किटपर्यंत पोहोचतो, कारण दोघांचे अर्थिंग एकच असते. यावर दोन उपाय आहेत. दोन्ही सर्किटे विद्युतदृष्ट्या अलग करायची, किंवा त्यांना पाळीपाळीने बोलायला लावायचे: एक मोजत असताना दुसरा बंद. सेन्सर टांगण्याची जागाही महत्त्वाची असते. फुगा पूर्ण बुडलेला हवा, पण ढवळणाऱ्या चुंबकीय कांडीपासून दूर. एका टोल्यात तो फुटतो.

आकड्यावर विश्वास नसणे किती घातक ठरू शकते, हे भोपाळने दाखवले. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री अकराच्या सुमारास युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेटच्या ६१० क्रमांकाच्या टाकीचा दाब २ वरून १० पौंड प्रति चौरस इंचावर गेल्याचे दिसत होते. आकडा नेहमीच्या मर्यादेत होता आणि तिथली मापकयंत्रे भरवशाची नाहीत असाच कामगारांचा अनुभव होता. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने बंदच होती. दाब पाचपट झाला होता, पण त्याची दखल घ्यावी असा मान त्या काट्याला उरला नव्हता. त्यानंतर काही तासांत शहरावर काय ओढवले, ते सगळ्यांना माहीत आहे. प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्याने बफरच्या बीकरपाशी घालवलेली दहा मिनिटे त्या काट्याचा मान राखण्याच्या सवयीची सुरुवात असते.

काम आटोपल्यावर इलेक्ट्रोड पुन्हा धुतला जातो. ऊर्ध्वपातित पाण्यात तो ठेवायचा नसतो, कारण त्यात इलेक्ट्रोडच्या आतले क्षार पाझरून जातात. तीन मोलर पोटॅशियम क्लोराइडचे काही थेंब टोपणात घालून त्यात फुगा बुडवून ठेवतात. मग सेन्सरच्या पेटीशेजारच्या वहीत तारीख, खोलीचे तापमान आणि त्या दिवशी मिळालेला उतार टिपला जातो. गेल्या महिन्यात ९८ टक्के, आज ९६. पुढच्या वर्गाची बॅच येईपर्यंत नवा इलेक्ट्रोड मागवावा लागेल, हे त्या दोन आकड्यांवरून आधीच दिसत असते.