चालणें आणि मागणें

पायीं चालण्याची महती महाराष्ट्रास कोणीं सांगावयास नको. आषाढी जवळ आली म्हणजे देहू-आळंदीपासून पंढरपुरापर्यंतची वाट माणसांनीं भरून जाते, आणि वाटेवरील गांवें त्यांस भाकर व पाणी पुरवितात. तेथें चालणारा घेणारा असतो व पाहणारा देणारा असतो. परंतु अलीकडे शहरोशहरीं लोकोपयोगी संस्थांच्या साहाय्यार्थ ज्या पदयात्रा व दौडी निघतात, त्यांचा न्याय निराळा आहे. येथें चालणारा स्वतःसाठीं कांहींच घेत नाहीं. तो शेजाऱ्याजवळ मागतो, आणि मिळालें तें एखाद्या दवाखान्याच्या, अंधशाळेच्या किंवा अनाथाश्रमाच्या पदरांत टाकतो. पुष्कळांस हें एक कोडेंच वाटतें. मुलगा पांच किलोमीटर चालला म्हणून दवाखान्यास पैसा कां मिळावा? सरळ वर्गणीच कां मागूं नये? शंका रास्त आहे, आणि तिचा उलगडा करावा एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम रीत सांगतों. चालणारास एक छापील पत्रक मिळतें. तें घेऊन तो आप्तांकडे व ओळखीच्या लोकांकडे जातो. कोणी एकरकमी आंकडा घालतो, कोणी दर किलोमीटरामागें अमुक रुपये असें वचन देतो. समजा, दहा शेजाऱ्यांनीं किलोमीटरास दहा-दहा रुपये कबूल केले आणि मुलगा पांच किलोमीटर चालला, तर पांचशें रुपये झाले. अशीं शंभर मुलें चाललीं तर पन्नास हजार. अमेरिकेंत नॉर्थ डाकोटा राज्यांतील बिस्मार्क शहरीं १९६९ च्या ऑक्टोबरांत सुमारें १,००० माणसें भुकेलेल्यांसाठीं चाललीं व २५,००० डॉलर जमले. पुढें ‘चर्च वर्ल्ड सर्व्हिस’ या संस्थेच्या विद्यमानें तशाच यात्रा गांवोगांव निघूं लागल्या. त्यांत जमलेल्या रकमेचा चतुर्थांशापर्यंत भाग त्या त्या गांवच्याच अन्नदान करणाऱ्या संस्थांस देण्याचा प्रघात आहे. हा भाग आम्हांस विशेष शहाणपणाचा वाटतो; कारण देणारास आपला पैसा कोठें गेला तें आपल्याच रस्त्यावर पाहतां येतें.

आतां कोड्याकडे वळूं. त्याचें उत्तर कॅनडांतील टेरी फॉक्स या तरुणाच्या वृत्तांतांत जितकें स्पष्ट दिसतें, तितकें दुसरीकडे क्वचितच दिसेल. १९७७ सालीं, वयाच्या १८ व्या वर्षीं, हाडाच्या कर्करोगामुळें त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. रुग्णालयांत त्यानें इतर रोग्यांचे, त्यांतही लहान मुलांचे हाल पाहिले, आणि या रोगाच्या संशोधनासाठीं पैसा जमवावा म्हणून कृत्रिम पायावर सारा देश धांवत ओलांडण्याचें मनांत घेतलें. १२ एप्रिल १९८० रोजीं न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथें अटलांटिक महासागराच्या पाण्यांत तो पाय भिजवून त्यानें प्रस्थान केलें. रोजची मजल सुमारें ४२ किलोमीटर! धडधाकट माणसानें एक दिवस तितकें धांवून दाखविलें तरी आपण त्याचें कौतुक करतों.

आरंभीं त्याची कोणी फारशी दखल घेतली नाहीं. मग पोर्ट ओ बास्क या सुमारें १०,००० वस्तीच्या गांवानें १०,००० डॉलरांहून अधिक रक्कम त्याच्या हवालीं केली. म्हणजे माणशीं एक डॉलर. पण पुढें क्वेबेक प्रांत लागला. तेथील भाषा फ्रेंच, आणि टेरीस व त्याच्या सोबत्यास ती येत नव्हती. धांवणें तेंच, पाय तोच, घाम तोच, रोजचें अंतरही तेंच. परंतु पैसा जवळजवळ मिळेना. तेंच ऑन्टारिओ प्रांतांत पाऊल पडतांच सगळें पालटलें. तेथील कर्करोग-निवारक संस्थेच्या मंडळींनीं आधींच गांवोगांव वर्दी दिलेली होती. टोरोंटो शहरांत १०,००० लोक त्याच्या दर्शनास जमले, आणि त्या एका दिवसांत १,००,००० डॉलर गोळा झाले.

यांतच उलगडा आहे. पैसा चालण्यानें येत नाहीं, मागण्यानें येतो. चालणें हें त्या मागण्याची साक्ष होय. नुसता हात पुढें करणाऱ्याविषयीं लोकांच्या मनांत नाना शंका येतात. पण जो आपले कष्ट आधीं टाकतो, त्यास ‘तूं स्वतः काय दिलेंस?’ असें विचारण्याची सोय उरत नाहीं. मात्र ही साक्ष लोकांस कळेल अशा भाषेंत, त्यांच्या दारीं आधीं पोंचली पाहिजे. ती न पोंचल्यास वीर पुरुषाची मेहनतही रस्त्यावरच राहते.

१ सप्टेंबर १९८० रोजीं थंडर बे शहराजवळ टेरीस थांबावें लागलें. रोग फुप्फुसांत शिरला होता. १४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर धांवला होता. आठवड्याच्या आंत दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमानें १ कोटि ५ लक्ष डॉलर मिळविले, आणि १९८१ च्या फेब्रुवारीपर्यंत निधि २ कोटि ४१ लक्षांवर, म्हणजे कॅनडाच्या त्या वेळच्या लोकसंख्येइतका झाला. प्रत्येक देशबांधवामागें एक डॉलर, हीच त्याची मागणी होती. त्याच वर्षीं जूनमध्यें तो वारला. वय अवघें २२.

माणशीं एक डॉलर हें ऐकून आमच्या वडील वाचकांस पैसाफंड आठवल्यावांचून राहणार नाहीं. अंताजी दामोदर काळे यांनीं दर माणसाकडून वर्षास एक पैसा मागण्याची कल्पना काढली, आणि त्या पैशांतून १९०८ सालीं तळेगांवचा कांचेचा कारखाना उभा राहिला. दोहोंमागील हिशेब एकच: रक्कम इतकी लहान कीं नाहीं म्हणण्यास लाज वाटावी, आणि दारें इतकीं पुष्कळ कीं बेरीज मोठी व्हावी.

मुंबईंत २००४ सालापासून जी मॅरेथॉन दौड होते, तिनेंही हा मार्ग धरिला आहे. करोनाच्या सांथीमुळें २०२१ व २०२२ हीं दोन वर्षें चुकलीं, इतकेंच. कसलेले धांवपटु ४२ किलोमीटरांवर धांवतात. पण छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसाच्या परिसरांत खरी जत्रा भरते ती सुमारें ६ किलोमीटरांच्या ‘ड्रीम रन’ची. तींत आजोबा, नातू, कचेरींतील मंडळी आपापल्या आवडीच्या संस्थेचे फलक घेऊन चालतात. येथें एक गोष्ट पालकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. दौडीचें प्रवेशशुल्क निराळें आणि संस्थेचा निधि निराळा. शुल्क भरलें म्हणजे दान झालें, असें समजून पुष्कळ जण समाधानानें घरीं जातात.

अशा फुटकळ पैशाची संस्थांस एवढी मातबरी कां, हेंही सांगतों. मोठा दाता बहुधा इमारतीस देतो. भिंतीवर त्याचें नांव कोरतां येतें. परंतु विजेचें बिल, पहारेकऱ्याचा पगार, स्वयंपाकघरांतील गॅस यांवर कोणी आपलें नांव कोरीत नाहीं. सरकारी अनुदान येतें तें ठरलेल्या बाबीपुरतें, आणि कित्येकदां उशिरां. शंभर दारांवरून आलेल्या दहा-दहा रुपयांस बहुधा अशी अट नसते. अर्थात् त्यांतूनच सदरे, टोप्या आणि बॅण्ड यांचा खर्च भागवूं लागलें तर संस्थेच्या हातीं काय उरेल? तो भार कोणी व्यापाऱ्यानें उचलावा, किंवा सदऱ्यांवांचून चालावें.

आमच्या विद्यार्थ्यांच्या हातीं आज ना उद्यां असें एखादें पत्रक पडेलच. तें घेऊन निघण्यापूर्वीं त्या संस्थेंत एकदां स्वतः जाऊन यावें, म्हणजे दार उघडणारानें ‘हें कशासाठीं रे बाळ?’ असें विचारल्यास उत्तर पाठ केलेलें वाटणार नाहीं. आंकडा देणारानें स्वतःच्या हातानें लिहावा. चालून झाल्यावर आठवड्याच्या आंत वसुलीस जावें; महिना लोटला कीं वचनें लोकांच्या स्मरणांतून जातात. आणि पत्रकावर अखेरचा रकाना ‘पावती दिली’ असा आंखून घ्यावा. तो जोंवर रिकामा आहे, तोंवर पालकांनीं त्या पत्रकावर सही करूं नये.